मोठेपणी बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाय सुरू करताय? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

संध्याकाळच्या बॅचला नवीन लोकांना हात बांधायला आणि उभं राहायला शिकवायला मी असते, त्यामुळे हे प्रश्न बॅच सुटल्यावर, व्हॉट्सॲपवर, कधी ट्रान्स-हार्बरच्या डब्यात ओळखीतून ओळख निघाल्यावर येतच राहतात. विचारणारे बहुतेक पंचवीस ते पन्नाशीतले, ऑफिस ऐरोली-महापेला नाहीतर मुंबईत, घर घोडबंदरला, कळव्याला, नेरूळला, खारघरला. सोप्या प्रश्नांपासून अडनिड्या प्रश्नांपर्यंत लावलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात लागत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. माझं वय ३८ आहे, शाळेनंतर कुठलाच खेळ खेळलो नाही, आता सुरू करून काही उपयोग आहे का?

आहे. अमॅच्युअर (हौशी) बॉक्सिंगच्या स्पर्धांमधला मोठ्यांचा गट १९ ते ४० वयाचा असतो, म्हणजे त्या रांगेत जायची वेळ जवळजवळ गेली हे खरं. पण नीट उभं राहणं, ठोसा नुसत्या हाताने न मारता पाय आणि कमरेतून आणणं, समोरून हात येताना डोळे उघडे ठेवणं, दमल्यावरही गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात) खाली न सोडणं, हे सगळं चाळिशीत येतं आणि पन्नाशीतही येतं, मी येताना बघते. मोठ्या माणसांचा एक फायदाच असतो की ते सांगितलेलं ऐकतात, विशीतली पोरं पहिल्या दिवसापासून जोर लावायला बघतात. फरक पडतो तो अंग सावरायला. विशीत एका रात्रीत उतरणारा थकवा चाळिशीत दोन दिवस घेतो, आणि पोटऱ्या, टाचेची शीर, खांदे आधी कुरकुरतात कारण दोरीच्या उड्या कित्येक वर्षांत मारलेल्या नसतात. तेवढं धरून चाललं की झालं.

२. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाय, कराटे, तायक्वांदो यात नेमका फरक काय?

बॉक्सिंगमध्ये फक्त मुठी, पट्ट्याच्या वर. हात म्हणजे ठोसे कमी प्रकारचे (जॅब पुढच्या हाताचा सरळ, क्रॉस मागच्या हाताचा सरळ, हुक बाजूने, अपरकट खालून वर), पण पाय कसे हलतात आणि डोकं कसं हलतं यात सगळी विद्या. मुए थाय थायलंडची, त्यात मुठी, कोपरं, गुडघे आणि नडग्या सगळं चालतं म्हणून तिला आठ अवयवांची कला म्हणतात, शिवाय मान धरून गुडघे मारायचा क्लिंच असतो. किकबॉक्सिंग हे नाव १९६० च्या दशकात जपानमध्ये आलं. आज त्यात मुठी आणि लाथा असतात, कोपरं बहुतेक नियमांत नसतात, गुडघे कुठे असतात कुठे नसतात. कराटे ओकिनावाहून १९२० च्या दशकात जपानच्या मुख्य बेटांवर पोचलं. आपल्याकडे शोटोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू हे प्रकार जास्त दिसतात, आणि क्योकुशिन वेगळं, ते फुल कॉन्टॅक्ट म्हणजे पूर्ण जोराने मारायचं, पण चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही. तायक्वांदो कोरियाचं, लाथांवर भर, ऑलिंपिकमध्ये २००० च्या सिडनीपासून पदकं आहेत. कराटे फक्त टोकियो ऑलिंपिकला होतं, पॅरिसला नव्हतं.

३. मग मी कुठलं निवडू?

जे घराजवळ किंवा ऑफिसवरून येताना वाटेत आहे आणि जिथले सर चांगले आहेत ते. मनापासून सांगतेय, स्टाईलवरून डोकेफोड करण्यात लोक सहा महिने घालवतात. तुम्ही कासारवडवलीला राहता आणि मुए थायचा भारी क्लास नेरूळला आहे, तर ऑफिस करून, माजिवड्याचं ट्रॅफिक काढून तुम्ही तिथे किती दिवस जाणार? शेजारच्या सेक्टरमधला साधा बॉक्सिंगचा क्लास तुम्हाला जास्त शिकवेल, कारण तिथे तुम्ही खरंच जाल. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर एवढं बघा: गुडघे किंवा कंबर आधीच त्रास देत असेल तर बॉक्सिंगने सुरुवात करा, मनगट आणि खांदा त्रास देत असेल तर लाथांवर भर असलेलं सोपं जातं. काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम), शिस्त, परीक्षा, पट्टे याची ओढ असेल तर कराटे किंवा तायक्वांदो, पट्ट्यांचं पुढे प्रश्न २१ मध्ये आहे.

४. चांगला क्लास ओळखायचा कसा? सगळ्यांच्याच भिंतीवर सर्टिफिकेटं आणि ट्रॉफ्या असतात.

हा यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. भिंतीवर बघूच नका, आधी फोन करून एक पूर्ण बॅच बसून बघू द्या म्हणून विचारा. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपला. बघायला गेलात की चॅम्पियन पोरांकडे लक्ष देऊ नका, बॅचमधल्या सगळ्यात नवीन आणि सगळ्यात ढिल्या माणसाकडे बघा. तो कोपऱ्यात एकटा टांगलेली बॅग बडवत उभा आहे की कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन त्याचा पाय सरळ करतंय? त्याचं चुकल्यावर सर ओरडतात, हसतात, की परत करून दाखवतात? एवढ्यावरून निम्मं कळतं.

उरलेलं निम्मं स्पारिंगच्या (समोरासमोर उभं राहून सरावाच्या लढतीच्या, प्रश्न १३ बघा) दिवशी जाऊन बघायचं. दोघांमध्ये जोर वाढायला लागला की सर थांबवतात का? की कडेला मोबाईलवर व्हिडिओ काढतायत? ८५ किलोच्या माणसाला ५५ किलोच्या मुलासमोर उभं केलंय का? नाकातून रक्त येणाऱ्याला बाहेर काढतात की पुसून परत आत पाठवतात? मग सरांना सरळ विचारा, सर, कोणाच्या डोक्याला लागलं तर तुमच्याकडे काय करतात? जे सर त्या माणसाचं स्पारिंग काही दिवस बंद करतो आणि डॉक्टरकडे पाठवतो म्हणतात तिथे बिनधास्त जा. आमच्याकडे असं कधी होत नाही हे उत्तर मिळालं तर जाऊ नका, कारण जिथे स्पारिंग होतं तिथे कधी ना कधी होतंच, फरक फक्त लक्ष द्यायचा.

सर स्वतः कोणाकडे शिकले हे विचारायला लाजू नका, चांगले सर आनंदाने सांगतात. मॅट कोरडी आणि पुसलेली आहे का, फर्स्ट एडचा डबा दिसतोय का, बायकांसाठी कपडे बदलायला बंद होणारी जागा आहे का, एवढं जाता जाता बघून घ्या.

५. फी किती असते, वर्षभराची एकदम भरली तर स्वस्त पडते म्हणतात?

फी जागेप्रमाणे खूप बदलते. महापालिकेच्या किंवा शाळेच्या हॉलमधले क्लास स्वस्त असतात, एसी फिटनेस स्टुडिओ महाग, आणि महाग म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. वर्षाची फी पहिल्याच दिवशी भरू नका. आधी ट्रायल, मग एक महिना, मग तीन. विचारायचं हे की ॲडमिशन फी वेगळी आहे का, ड्रेस आणि ग्लोव्ज त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का, पट्ट्याच्या परीक्षेचे पैसे किती आणि वर्षातून किती वेळा, आणि मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का. पावती मागा.

६. वजन ९८ किलो आहे, जिना चढलो तरी दम लागतो. आधी जिमला जाऊन फिट होतो आणि मग येतो, असं करू का?

नको. तसं म्हणणारे परत येत नाहीत. शरीर ज्या कामाला लावाल त्या कामासाठीच तयार होतं, ट्रेडमिलवर अर्धा तास पळणारा माणूससुद्धा पहिल्या दोन राउंडमध्ये हात खाली टाकतो. अमॅच्युअर बाउट म्हणजे लढत ३ मिनिटांच्या ३ राउंडची असते, ऐकायला किरकोळ वाटतं, एकदा बॅगवर तेवढं करून बघा म्हणजे कळेल. सुरुवातीला दोरीच्या उड्यांऐवजी जागच्या जागी चालणं, लाथा कमरेखालीच, दम लागला की थांबून पाणी, हे सगळं चालतं आणि चांगले सर ते स्वतःहून सांगतात. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा जिन्यावरचा दम हल्ली अचानक वाढला असेल तर मात्र आधी डॉक्टर, आणि प्रश्न १७ बघा.

७. पहिल्या दिवशी काय घालू, काय होतं?

टी-शर्ट, ढिली ट्रॅक पँट किंवा शॉर्ट्स, पाण्याची बाटली, टॉवेल. बहुतेक ठिकाणी मॅटवर अनवाणी असतं, फक्त बॉक्सिंगला बूट लागतात, ते आधी विचारा. नखं कापून या, हाताची आणि पायाची पण. अंगठ्या, कडं, घड्याळ, चेन घरी. पहिल्या दिवशी तुम्हाला कोणी मारत नाही. उभं राहणं, पुढे-मागे सरकणं, जॅब, फार तर क्रॉस, बस. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात, डावखुरे असाल तर उलटं, साउथपॉ. सगळं अवघडल्यासारखं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं.

८. सामान काय काय घेऊ आणि कधी?

पहिल्या आठवड्यात फक्त हॅन्डरॅप (ग्लोव्जच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी), साडेचार मीटरचे घ्या, छोटे मोठ्या हाताला पुरत नाहीत. दोन जोड असू देत, एक वाळत असतो. महिनाभर टिकलात तर ग्लोव्ज. वजन औंसमध्ये असतं, बॅग आणि पॅडसाठी (पॅड म्हणजे समोरचा हातात धरतो आणि आपण मारतो त्या गाद्या) १० किंवा १२, स्पारिंगसाठी १४ किंवा १६, म्हणजे १६ चे ग्लोव्ज साधारण साडेचारशे ग्रॅमचे. ७० किलोच्या वर असाल तर स्पारिंगला १६ च घ्या, समोरच्याच्या डोक्याचा विचार म्हणून. बॅग मारून मारून दबलेले ग्लोव्ज स्पारिंगला वापरायचे नाहीत, आतलं फोम बसलेलं असतं. स्पारिंगच्या आधी माउथगार्ड हवाच, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा चालतो, आणि लाथा असतील तर नडगीसाठी शिनगार्ड. पुरुषांना ग्रोइन गार्ड. ऑनलाइन मिळतं सगळं, पण ग्लोव्ज हातात घालून बघायचे असतील तर एखाद्या शनिवारी धोबी तलावला जाऊन या, खेळाच्या सामानाची दुकानं एका ओळीत आहेत. रॅप बांधलेल्या हाताने ट्राय करा, नाहीतर घरी आल्यावर घट्ट होतात.

९. बॅगवर मारलं की मनगट आणि करंगळीच्या बाजूचं हाड दुखतं, ग्लोव्ज जाड घेऊ का?

जाड ग्लोव्जने हे जात नाही. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर बसायला हवा आणि मनगट सरळ हवं, तुमचा बहुतेक शेवटच्या दोन गाठींवर बसतोय, विशेषतः हुक मारताना. करंगळीच्या मागच्या हाडाला गाठीजवळ होणाऱ्या फ्रॅक्चरला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात इतकं ते नेहमीचं आहे, आणि अनुभवी बॉक्सरपेक्षा ते न शिकता भिंतीवर नाहीतर बॅगवर जोरात मारणाऱ्यांना जास्त होतं. दोन आठवडे अर्ध्या जोराने मारा, रॅप मनगटाला तीन-चार वेढे जास्त द्या, सरांना हात बघायला सांगा. सूज आली, गाठ आत गेल्यासारखी दिसली किंवा मूठ मिटताना करंगळी दुसऱ्या बोटावर जायला लागली तर एक्स-रे, त्या दिवशीच.

१०. आठवड्यातून किती दिवस यावं? पहिल्या क्लासनंतर दोन दिवस हात वर जात नव्हते.

सुरुवातीला दोन, अंग सरावलं की तीन. एका आड एक दिवस. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते, त्यात काही बिघडलेलं नसतं, हलकं चालल्याने बरं वाटतं. पण एक लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी कोणी शेकडो बैठका, जोर काढायला लावले आणि नंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, स्नायू सुजून टणक झाले तर घरी पडून राहू नका, हॉस्पिटलमध्ये जा. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. क्वचित होतं, पण होतं नवशिक्यांनाच, म्हणून नवीन माणसाला शिक्षा म्हणून व्यायाम देणाऱ्या सरांपासून लांब राहा.

११. ऑफिसमधून थेट येतो, खाऊन येऊ की उपाशी?

पोटभर जेवण असेल तर दोन-तीन तास आधी. ऑफिसवरून येत असाल तर तासभर आधी केळं, खजूर, मूठभर चणे-कुरमुरे असं काहीतरी हलकं. स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन लगेच बर्पी (खाली झोपून उठून उडी मारायचा व्यायाम) मारल्या की काय होतं ते तुम्हालाच कळेल. घरी गेल्यावर नेहमीचं जेवण, भाकरी, उसळ, डाळ, अंडी, मासे, दही. प्रोटीन पावडर आल्या आल्या लागत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मेमध्ये टी-शर्ट पिळून निघतो, तेव्हा ताक किंवा मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरोबर ठेवा.

१२. पावसाळ्यात ग्लोव्जना वास येतो, आणि मांडीला गजकर्ण झालंय. काय करू?

ग्लोव्ज बॅगेत बंद ठेवून लोकलने घरी आणि तसेच दुसऱ्या दिवशी परत, यात जुलैमध्ये बुरशी येणारच. घरी आल्यावर तोंड उघडून पंख्याखाली, आत वर्तमानपत्राचे बोळे, रॅप रोज धुवायचे. गजकर्ण अंगाला अंग लागून आणि मॅटवरून पसरतं, त्यामुळे बरं होईपर्यंत सरांना सांगून बाजूला सराव करा. मेडिकलमधून कोणी सांगितलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नका, आठवड्यात बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, आपल्याकडे हे फार झालंय. स्किनच्या डॉक्टरांकडे जा आणि डाग दिसायचा थांबला तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण करा.

१३. स्पारिंग म्हणजे खरी मारामारी का? किती दिवसांनी सुरू होतं?

नाही, आणि जिथे तशी होते तिथे शिकणं होत नाही. स्पारिंगमध्ये दोघं मिळून शिकतात, जोर इतकाच की समोरच्याला लागल्याचं कळेल पण हलणार नाही. भीती वाटते हे बरोबर आहे, समोरून हात आला की डोळे मिटतात, श्वास थांबतो, हे सगळ्यांचं होतं आणि ते जायला हळूहळू वाढवत न्यावं लागतं: आधी पॅड, मग जोडीने ठरवलेले हात (तू फक्त जॅब मार, मी फक्त अडवते), मग फक्त अंगावर, मग हलकं सगळं. माझ्या मते मोठ्या माणसाला यात तीन ते सहा महिने गेले तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यात रिंगमध्ये ढकलणाऱ्या सरांना तुमची घाई नसते, त्यांच्या जुन्या पोरांना मारायला कोणीतरी हवं असतं. हे कडक वाटेल, पण तिथे गेलेली माणसं परत कुठल्याच क्लासला जात नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

१४. स्पारिंगमध्ये एक हात डोक्यावर बसला, पडलो नाही, पण थोडं गरगरलं. पुढचा राउंड केला तर चालेल?

नाही. तिथेच थांबायचं, त्या दिवसाचं संपलं. मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध व्हावंच लागतं असं नाही, गरगरणं, डोकं जड होणं, दोन-दोन दिसणं, मघाशी काय झालं ते न आठवणं, उजेड सहन न होणं, उगाच चिडचिड, यातलं एक जरी असलं तरी तो धक्काच समजायचा. त्या रात्री एकटे राहू नका, स्वतः बाइक चालवत घरी जाऊ नका, दारू नको. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं करायला कठीण जाणारी झोप, फिट येणं (आकडी), डोळ्यातली एक बाहुली मोठी दिसणं, बोलण्यात अडखळणं, हातापायात अशक्तपणा यातलं काही झालं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

बाकीच्यांनीही डॉक्टरांना दाखवायचं, आणि सगळी लक्षणं गेल्याशिवाय बॅगसुद्धा नको. मग पायरी पायरीने: चालणं, हलका व्यायाम, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे), बॅग, पॅड, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर शेवटी स्पारिंग. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो फार जास्त नुकसान करू शकतो, म्हणून ही घाई नको. नडगी सरावाने कडक होते, पोट सरावाने मार सोसायला शिकतं, मेंदूचं तसं होत नाही. तुम्हाला सोमवारी ऑफिसला जायचंय, घरी पोरं आहेत, हे सरांनी विसरलं तरी तुम्ही विसरू नका.

१५. हेडगिअर घातलं की मग धोका नाही ना?

भुवई फुटणं, कान सुजणं, वरवरचा मुका मार यापासून वाचवतं. मेंदूच्या धक्क्यापासून वाचवतं असं समजू नका, कारण मेंदू कवटीच्या आत हलतो आणि टोपीने ते थांबत नाही. पुरुषांच्या एलिट (वरच्या स्तरावरच्या) अमॅच्युअर बॉक्सिंगमधून हेडगिअर २०१३ मध्ये काढलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच खेळले. तुम्ही मात्र घाला, नवीन असताना डोक्याला डोकं फार आपटतं. घातलंय म्हणून जोरात मार म्हणू नका, एवढंच.

१६. मला स्पारिंग करायचंच नाही. मग शिकण्यात अर्थ आहे का?

पूर्ण अर्थ आहे. बॅग, पॅड, शॅडो, जोडीने ठरवलेले हात, यावर माणसं वर्षानुवर्षं आनंदाने शिकतात. फक्त दोन गोष्टी मान्य असू देत, अंतराचा आणि वेळेचा अंदाज हलत्या माणसासमोरच पक्का होतो, आणि आपल्याला मारामारी येते असं स्वतःला सांगायचं नाही. चांगले सर यावरून टोमणे मारत नाहीत.

१७. बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, गुडघ्याची कुरकुर आहे. जमेल का?

बऱ्याच जणांचं जमतं, पण डॉक्टरांना "व्यायाम करू का" असं मोघम विचारू नका, बॉक्सिंग करणार आहे, डोक्याला मार लागू शकतो, असं स्पष्ट सांगून विचारा. बीपी असेल तर मारताना श्वास रोखायचा नाही, प्रत्येक ठोशाला श्वास सोडायचा, तो स्स् आवाज त्यासाठीच असतो. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका, बोलता येतंय का ते बघा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर क्लासच्या आधी शुगर तपासा, खिशात साखर किंवा ग्लुकोज, आणि अनवाणी सरावानंतर तळपाय रोज बघा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्पारिंग अजिबात नाही, हलक्यातलं पण नाही. गुडघ्यांसाठी, लाथ मारताना टेकलेल्या पायाची टाच वळलीच पाहिजे, पाय चिकटून राहिला आणि अंग फिरलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो.

१८. चष्मा आहे, नंबर मायनस सात. आणि लेसिक करायचा विचार आहे.

बॅग आणि पॅडला अडचण नाही, चष्मा काढून किंवा सॉफ्ट लेन्स लावून. पण मायनस सहाच्या पुढच्या नंबरमध्ये आतला पडदा ताणलेला असतो आणि तो सुटायचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून स्पारिंगच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि त्यांनी नको म्हटलं तर प्रश्न १६ तुमच्यासाठी आहे. अचानक ठिणग्या दिसल्या, काळे ठिपके वाढले, कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. लेसिकमध्ये बुबुळावर पापुदरा उचलतात, तो मार लागून नंतरही सरकू शकतो, त्यामुळे ऑपरेशन ठरवतानाच आपण बॉक्सिंग करतो हे सांगा. पापुदरा न उचलता होणारं पीआरके बऱ्याचदा अशा लोकांना सुचवतात.

१९. बॅचमध्ये मी एकटीच बाई असेन, आणि घरी सासूबाई म्हणतात तोंड फोडून घेशील. काय करू?

सासूबाईंना एकदा क्लास बघायला घेऊन या, खरंच. एका काकूंनी असंच केलं, आता सासूबाई बुधवारी नातवाला सांभाळतात. फक्त बायकांची बॅच मिळाली तर छान, पण ती नसली म्हणून थांबू नका. शिकवताना हात धरून कोपर वर करणं, खांदा वळवणं हे होतं, पण सांगून, सगळ्यांसमोर आणि कामापुरतं. त्यापलीकडे काही वाटलं, वेगळं ट्रेनिंग देतो, रात्री मेसेज, तर लगेच क्लास सोडा आणि घरी व बॅचमधल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा, चुकतंय का माझंच असं म्हणत बसू नका. मंगळसूत्र आणि बांगड्या काढायच्याच, मंगळसूत्र ग्लोव्जमध्ये अडकून मानेला कापतं. चांगली स्पोर्ट्स ब्रा, स्पारिंगला हवा तर चेस्ट गार्ड. पाळीत यायचं की नाही ते तुमचं अंग सांगेल, मनाई काही नाही. गरोदरपणात स्पारिंग आणि पोटाजवळ काहीही पूर्ण बंद, बाकीचं डॉक्टरांना विचारून. आणि मेरी कोमने २०१२ ला लंडनमध्ये पदक घेतलं तेव्हा ती जुळ्यांची आई होती, हे घरी सांगायला चांगलं आहे.

२०. नडगी कडक करायला काचेची बाटली फिरवायची म्हणतात, खरं का?

नको. हाडावरचं आवरण आणि नसा दुखावतात, हाती काही लागत नाही. मऊ बॅगवर शेकडो लाथा, महिनोन्‌महिने, हाच रस्ता. हाडावर ताण येत राहिला की ते स्वतःला हळूहळू दाट करतं. नडगीवर एका बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि आरामातही जात नसेल तर थांबून दाखवा, बारीक भेग असू शकते.

२१. ब्लॅक बेल्ट किती दिवसांत मिळतो?

नियमित गेलात तर तीन ते पाच वर्षं धरा, काही प्रकारांत जास्त. वर्षभरात गॅरंटी देणारे पट्टा विकतायत. तायक्वांदोमध्ये दान (ब्लॅक बेल्टची पायरी) सर्टिफिकेट कोरियातल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेचं आहे का ते विचारा, कराटेत सर कुठल्या संघटनेचं देतात ते विचारा. बॉक्सिंगमध्ये पट्टे नसतात, मुए थायमध्येही पारंपरिक पट्टे नाहीत.

२२. यूट्यूब बघून सोसायटीच्या टेरेसवर शिकलं तर?

क्लासला जोड म्हणून उत्तम, उपवनला किंवा पाम बीचच्या बाजूला सकाळी फूटवर्क करणारे दिसतात तसं. नुसतं तेवढंच नको, कारण गार्ड खाली जातोय हे व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही, आणि चुकीची सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

२३. रस्त्यावर कोणी अंगावर आलं तर हे उपयोगी पडेल का? आणि मी मारलं तर केस होईल का?

थोडं पडेल. अंतर ठेवणं, हात वर ठेवून मागे सरकणं, घाबरून गोठून न जाणं, हे सगळ्यात जास्त कामाला येतं. चाकू असेल किंवा ते तिघं असतील तर पळायचं, मोबाईल-पाकीट देऊन टाकायचं. रस्त्यावर ग्लोव्ज नसतात, मुठीने कवटीवर मारलं तर आपलंच हाड मोडतं, आणि समोरचा पडून डोकं डांबरावर आपटलं तर जीव जाऊ शकतो. कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, १ जुलै २०२४ पासून लागू. पण बचावाला लागेल तेवढीच ताकद, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर तो हक्क उरत नाही. पडलेल्याला मारत राहिलात की तो बचाव राहत नाही. ११२ ला फोन करा आणि तिथून निघा. पार्किंगवरून, ट्रेनमधल्या सीटवरून भांडायला हे शिकायचं नाही.

२४. सर चांगले आहेत पण एक सीनियर नेहमी जोरात मारतो, तक्रार केली तर घाबरट म्हणतील असं वाटतं.

आधी त्यालाच सांगा, राउंड सुरू व्हायच्या आधी ग्लोव्ज टेकवताना, हळू खेळू हां दादा, मी नवीन आहे. निम्म्या वेळा त्याला स्वतःचा जोर कळतच नसतो, आणि तुम्ही घाबरून जोरात मारायला लागलात की तोही वाढवतो, म्हणून आधी स्वतःचा जोर खाली आणा. तरी ऐकलं नाही तर राउंडच्या मध्येच हात वर करून थांबा आणि रिंगमधून बाहेर या, तुम्हाला तो पूर्ण अधिकार आहे. मग सरांशी बाजूला बोला, बाकीच्यांसमोर नको. चांगले सर त्याला त्याच्या तोडीच्या माणसासमोर उभं करतात किंवा दोन आठवडे फक्त जॅब मारायला लावतात. सर हसून सोडून देत असतील, सहन करायला शिक म्हणत असतील, तर प्रश्न ४ मधलं तुम्ही जे बघायला हवं होतं ते आता तुमच्यासमोर आलंय, पुढच्या महिन्याची फी भरू नका आणि दुसरा क्लास बघा, वाशीला, कोपरखैरणेला, वर्तकनगरला, कुठेही.